आज खेळायचं की बसायचं

पावणेसात वाजता वहिनी दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरायच्या, तळमजल्यावरच्या दारावर दोनदा टकटक करायच्या, आणि आतून वन्संचा आवाज यायचा, "उघडंच आहे." अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. वन्सं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची धाकटी बहीण, पण वयाने वहिनींपेक्षा तीन वर्षांनी मोठी. एकोणसत्तर. त्यामुळे वन्सं वहिनींना वहिनीही म्हणत आणि अगं-तूगंही करत. वहिनी मात्र कायम 'अहो वन्सं'वर. बॅडमिंटनच्या हॉलवर या दोघींची खरी नावं कुणाला ठाऊकच नव्हती. साठीच्या पुढचे चौदा-पंधरा जण तिथे सकाळी खेळायला येत, आणि सगळ्यांच्या तोंडी ही जोडी वहिनी-वन्सं अशीच बसली होती. दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांचं या घराशी दूरचंही नातं नव्हतं, त्यासुद्धा "वन्सं, सर्व्हिस तुमची" म्हणत.

वहिनींनी एकतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात, तपासणी खात्यात काढली होती. टेबलावर मऊ कापड, कापडावर माल, हातात गेज. गेजची एक बाजू भोकातून आरपार गेली पाहिजे आणि दुसरी अडली पाहिजे. तसं झालं तर माल पास, नाहीतर लाल पेटीत. मधलं काही नाही. "बहुतेक बरा असावा" असं तिथे कुणी म्हटलं असतं तर साहेबांनी त्याला त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

वन्संचं काम अगदी वेगळं. त्या शहरबस चालवायच्या. पहाटे डेपोत गाडी सुरू करायची, मिनिटभर कान देऊन बसायचं, आणि काही खटकलं तर सांगायचं, "ही आज नको, दुसरी द्या." नेमकं काय खटकलं ते त्यांना सांगता यायचं नाही. मेकॅनिक वैतागायचा, पण दहातल्या आठ वेळा काहीतरी निघायचंच. उरलेल्या दोन वेळांचा विषय वन्सं काढू देत नसत.

खेळायला जायचं की नाही, याचाही वन्संकडे एकच नियम होता. उभ्या-उभ्या, कशालाही न धरता दोन्ही मोजे घालता आले की चालू लागायचं. वहिनींना हा नियम कधी पटला नाही, पण पर्यायही सुचला नव्हता. साठीनंतर शरीर रोज वेगळं उठायचं. कधी गुडघे कुरकुरायचे आणि हॉलवर गेल्यावर गप्प व्हायचे. कधी पहाटे विशीतल्यासारखं हलकं वाटायचं आणि तिसऱ्या मिनिटाला खांदा धरायचा. आज माल पास की लाल पेटीत, हे सकाळी साडेसहाला सांगायचं कसं? इथेच घोडं पेंड खायचं.

सहासष्टाव्या वाढदिवसाला लेकीने घड्याळ पाठवलं. लेक दुसऱ्या शहरात विम्याच्या कचेरीत होती आणि आईच्या खेळण्याची तिला धास्तीही होती आणि कौतुकही. घड्याळ रात्री हातात घालून झोपायचं. ते झोप मोजतं, नाडी मोजतं, आणि सकाळी एक आकडा दाखवतं. शंभरापैकी. सत्तरच्या वर हिरवा, चाळीसच्या खाली लाल. आकड्याखाली लिहिलेलं असायचं, 'आजची तयारी'.

वहिनींना आनंद झाला. अखेर कुणीतरी गेज बनवलं होतं.

पहिल्याच आठवड्यात गोंधळ सुरू झाला. मंगळवारी आकडा आला अडतीस, लाल. वहिनी खेळायला गेल्या खऱ्या, पण मन धास्तावलेलं. आणि त्या दिवशी त्यांच्या हातून जे खेळणं झालं ते वर्षभरात झालं नव्हतं. जाळीला घासून फूल पलीकडे टाकत होत्या, डॉक्टरीणबाई नुसत्या बघत होत्या. शुक्रवारी आकडा ऐंशी, हिरवागार, आणि दुसऱ्याच गेमला पोटरीत कळ आली. चार दिवस जिना एकेक पायरी करत उतरावा लागला.

"माझं काय चुकतंय?" वहिनींनी नवऱ्याला विचारलं.

ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी औषधाच्या वेष्टनावरच्या चुकाही पेन्सिलने खुणावून ठेवायचे. त्यांनी घड्याळाबरोबर आलेली पुस्तिका दोनदा वाचली आणि म्हणाले, "यात लिहिलंय की, आकडा हा निव्वळ अंदाज समजावा. त्याच्या पुढच्या पानावर लिहिलंय की, आकड्याकडे दुर्लक्ष करू नये. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत."

"मग करायचं काय?"

"आमचं बरं होतं. चूक कागदावर दिसायची."

वहिनींनी मग आपल्या तऱ्हेने तपासणी वाढवली. दवाखान्यातल्या एका पत्रकात लिहिलं होतं की, खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठून पाहावं, किती सेकंद लागतात ते मोजावं. त्या रोज मोजू लागल्या. एका पायावर किती वेळ उभं राहता येतं तेही. नवरा समोर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून "तेरा, चौदा" म्हणत बसायचा आणि मध्येच वर्तमानपत्रात बघायला लागला की आकडा हुकायचा. हे सगळं करून खाली उतरेपर्यंत वहिनी निम्म्या दमलेल्या असायच्या. आणि तळमजल्यावर वन्संचं दार उघडं, वन्सं बूट घालून, रॅकेट पाठीला लावून तयार. त्यांच्याकडे पाहिलं की वहिनींना स्वतःची लाज वाटायची. एकोणसत्तरची बाई हरणीसारखी उभी आहे, आणि आपण खुर्चीतून उठण्याचे सेकंद मोजतोय.

"येतेस ना?" वन्सं विचारायच्या.

"येते की," वहिनी म्हणायच्या.

एवढंच बोलणं. अकरा वर्षं तेच.

त्याच सुमारास वहिनींना अधूनमधून धडधडायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब थोडा चढा निघाला, आणि दोन्हींवर मिळून एक गोळी दिली. रोज सकाळी एक. "सुरुवातीला थोडा थकवा वाटेल," डॉक्टर म्हणाले. वहिनींनी घरी येऊन विचार केला, थोडा म्हणजे किती? पण त्यासाठी पुन्हा फोन करणं त्यांना बरं दिसेना.

गोळी सुरू झाली आणि घड्याळाचे आकडे चढायला लागले. सत्त्याहत्तर. त्र्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. लाल रंग दिसायचाच बंद झाला. लेकीच्या फोनवरही हे आकडे जायचे. ती सकाळी कचेरीला जाता जाता फोन करायची. "आई, आज एक्याण्णव. माझा त्रेपन्न आहे. तू माझ्यापेक्षा तरुण आहेस."

वहिनी हसायच्या, पण फोन ठेवला की तिथेच बसून राहायच्या. कारण अंग एक्याण्णवचं नव्हतंच. सकाळी पाय ओल्या गादीसारखे जड वाटायचे. जिन्याच्या वळणावर थांबून कठड्याला हात लावावा लागायचा. कोर्टवर मागे पळायची वेळ आली की पाय ऐकायचे, पण उशिरा. मालगाडीचा शेवटचा डबा जसा इंजिनानंतर हलतो, तसं.

कुणावर विश्वास ठेवायचा? त्यांनी बरेच दिवस हा प्रश्न फिरवून फिरवून पाहिला. घड्याळ तर रात्रभर मनगटाला चिकटून मोजत होतं. लेक म्हणत होती छान. समोर वन्सं रोज तयार. इतक्या सगळ्यांच्या विरुद्ध एकच साक्षीदार उरला होता, तो म्हणजे आपल्याला काय वाटतं. आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत आपल्याला काय वाटतं याला कधी कुणी विचारलं नव्हतं. उलट ते बाजूला ठेवायलाच शिकवलं होतं. वहिनींनी ठरवलं की हा आळस आहे. वय झालं की मन कारणं शोधतं. त्यांनी खुर्चीची तपासणी बंद केली आणि आकडा पाहून निघायला लागल्या.

हॉलच्या स्पर्धेचा दिवस आला तेव्हा गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. साठीवरच्या जोड्यांची स्पर्धा, दरवर्षीची. वहिनी-वन्सं दोनदा उपान्त्य फेरीपर्यंत गेल्या होत्या, पुढे कधी नाही. त्या सकाळी आकडा होता ब्याण्णव. वहिनींना उठून बाथरूमपर्यंत जाताना एकदा दाराची चौकट धरावी लागली. त्यांनी आकड्याकडे पुन्हा पाहिलं. ब्याण्णवच.

"येतेस ना?"

"येते की."

पहिला सामना सोपा गेला. उपान्त्य फेरीत समोर चष्म्याच्या दुकानाचे मालक आणि त्यांची बायको होती. दोघंही जेमतेम साठीचे. नवरा कोर्टभर नाचायचा आणि बायको जाळीपाशी शांतपणे उभी राहून गुण घ्यायची. पहिला गेम वन्संनी ओढून नेला, एकवीस-सतरा. दुसऱ्यात चष्मेवाले पुढे होते, बारा-नऊ. सर्व्हिस वहिनींची होती. त्यांनी डाव्या हातात फूल धरलं, समोर पाहिलं, आणि एका जाळीच्या जागी दोन दिसल्या. एक जवळ, एक थोडी लांब.

वहिनी पडल्या नाहीत. त्या खाली बसल्या. अगदी सावकाश, जणू खाली काही शोधायचं आहे. मग त्यांनी रॅकेट बाजूला नीट ठेवली आणि आडव्या झाल्या.

वन्सं आधी पोहोचल्या. डॉक्टरीणबाई शेजारच्या कोर्टवरून आल्या, त्यांनी वहिनींचे पाय उचलून पिशवीवर ठेवले आणि मनगट धरलं.

"नाडी मंद आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतकं खेळून इतकी मंद असायला नको. मी दातांची डॉक्टर आहे, पण एवढं मलाही कळतं."

"पण ब्याण्णव होते," वहिनी छताकडे बघत म्हणाल्या.

"कसले ब्याण्णव?"

"सकाळी. हिरवे."

वन्संनी उठून गुणफलकाजवळच्या माणसाला सांगितलं, "आम्ही सोडली." चष्मेवाल्यांच्या बायकोने वहिनींच्या मानेखाली आपला टॉवेल गुंडाळून ठेवला. दहा मिनिटांत वहिनींना बरं वाटलं, इतकं बरं की त्या उठून खेळायचं म्हणायला लागल्या. वन्संनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या पुन्हा आडव्या झाल्या. दुपारच्या आत त्या डॉक्टरांसमोर होत्या.

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्तदाब बसून घेतला, मग उभं करून घेतला. दोन्हींत बराच फरक होता. आलेख ठीक होता. गोळीचं प्रमाण तुम्हाला जास्त होतंय, ते म्हणाले, आपण कमी करू, पण एकदम बंद करायची नाही.

"आणि घड्याळ?" वहिनींनी मनगट पुढे केलं.

डॉक्टरांनी गेल्या महिन्याचे आकडे पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "ही गोळी नाडी हळू करते. हे तिचं कामच आहे. घड्याळाला मात्र वाटतं, नाडी हळू म्हणजे बाई झकास विश्रांती घेऊन उठल्यात. ते खोटं बोलत नाही. त्याला गोळी माहीत नाही, एवढंच."

"म्हणजे मी जितकी वाईट, तितका आकडा चांगला."

"या महिन्यात तसं झालं खरं."

हे समजायला सोपं होतं, पण समजून काही सुटत नव्हतं.

"मला सांगा," डॉक्टर म्हणाले, "आज सकाळी उठल्यावर तुम्हाला कसं वाटत होतं?"

साधा प्रश्न होता. वहिनींनी तोंड उघडलं आणि त्यांना उत्तर सापडेना. दाराची चौकट धरली होती ते आठवलं. पाय जड होते तेही आठवलं. पण आपल्याला बरं वाटत होतं की नव्हतं, ते आठवेना. जणू ते कुणी विचारलंच नाही म्हणून नोंदलं गेलं नव्हतं.

"नक्की सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "मग आता मी ठरवायचं कसं?"

"छातीत दुखलं, गरगरलं, किंवा बसल्या जागी दम लागला, तर खेळायचं नाही आणि मला कळवायचं. हे पक्कं. यात घासाघीस नाही. बाकीच्या दिवशी आधी दहा मिनिटं हळूहळू अंग मोकळं करा आणि मग ठरवा. खेळताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे."

"वन्संना खेळताना सलग पाच वाक्यं येतात. माझा दम त्या ऐकण्यात जातो."

वन्सं शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. एरवी त्यांनी यावर काहीतरी म्हटलं असतं. आज त्या वहिनींच्या पावलांकडे बघत होत्या.

"दहा मिनिटांनी विचारायचं कुणाला?" वहिनींनी पुन्हा विचारलं.

"स्वतःला."

"आणि तिने खोटं सांगितलं तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग दुसऱ्या दिवशी कळेल," ते म्हणाले. "तेही चालतं. दोन आठवडे फक्त चाला, मग या."

घरी आल्यावर वहिनी जिना चढणार तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "आत ये जरा." वन्संचं स्वयंपाकघर छोटं होतं, टेबलाला दोनच खुर्च्या. वन्संनी पाणी दिलं आणि उभ्याच राहिल्या.

"आज सकाळी तू वळणावर थांबलीस," त्या म्हणाल्या.

"कुठल्या वळणावर?"

"जिन्याच्या. पहिल्या मजल्याच्या वर. थांबलीस, मग दोन्ही पाय एका पायरीवर ठेवत ठेवत खाली आलीस. गेले वीस दिवस तू तशीच येतेयस."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला रोज ऐकू येतं. मी दारापाशी बसूनच असते. तुझी पावलं झरझर आली की मी बूट घालते. रखडत आली तर म्हणते, आज हिला नको असेल, दारात आली की सांगेल, मग दोघीही बसू घरी. पण तू येतेस आणि म्हणतेस, येते की. मग मीही घालते बूट. मला वाटायचं, एवढी रखडत आली तरी ही जातेय, मग मला काय धाड भरलीय?"

"आणि ते मोज्याचं?"

वन्सं आता बसल्या. "मोजे मी वर्षभर बसून घालतेय. उजव्या खुब्यात दुखतं. कुणाला सांगितलं नाही."

वहिनींना हसू येईना आणि रागही येईना. वर्षभर या बाईने ताकास तूर लागू दिली नव्हती. "अहो, मी तुमच्याकडे बघून जात होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही दारात तयार उभ्या असायचात. मला वाटायचं, यांना जमतं मग मला का नाही."

"मी तुझ्याकडे बघून जात होते."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून खाली गेलं. वन्संनी सवयीने कान दिला, मग तो काढून घेतला.

"मग ठरवत कोण होतं?" वहिनींनी विचारलं.

"मला काय माहीत."

"अकरा वर्षं?"

"अकरा नाही. आधी आपल्याला ठरवावं लागतच नव्हतं. नुसतं जायचो."

वर गेल्यावर वहिनींनी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन्हीकडे भरवशाच्या म्हशी, आणि दोन्हीकडे टोणगा." मग त्यांना स्वतःलाच ते बरं वाटलं नाही, आणि त्यांनी बायकोच्या पायांवर पांघरूण घातलं. त्या संध्याकाळी त्यांनी तिला तीनदा विचारलं, "कसं वाटतंय?" तिन्ही वेळा वहिनींनी नीट विचार करून वेगळं उत्तर दिलं, आणि तिन्ही खरी होती.

दोन आठवडे दोघी नुसत्या चालल्या. वन्संनी खुबा दाखवून घेतला. झीज होती, फार नव्हती, व्यायाम दिले होते आणि ते त्या करायच्या, तोंडाने शिव्या देत. लेकीला कळल्यावर ती फोनवर रडली. आकड्यांचं कौतुक आपण केलं, हे तिला लागलं होतं. "तू नाही गं, मीच तुला काही सांगितलं नाही," वहिनी तिला म्हणाल्या, आणि घड्याळ कपाटात ठेवून दिलं. रात्री मनगट मोकळं मोकळं वाटायचं आणि सकाळी उठल्यावर काय बघायचं ते कळायचं नाही.

दोन आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली. तेव्हा खरा प्रश्न आला. वन्सं म्हणाल्या, आता एकमेकींकडे बघायचं नाही, एकमेकींना खरं सांगायचं. कल्पना चांगली होती. पण पहिल्याच सकाळी दोघी दारात उभ्या, आणि वहिनी म्हणाल्या, "आधी तुम्ही सांगा," आणि वन्सं म्हणाल्या, "तू आधी." कारण एक बोलली की दुसरीला तसंच वाटायला लागायचं. शेवटी मागोमाग खाली आलेल्या नवऱ्याने तोड काढली. दोघींनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं, मग उघडायचं. वन्संनी लिहिलं, 'बरी'. वहिनींनी लिहिलं, 'पंचावन्न, गुडघा धरून पन्नास'.

"आता याची बेरीज कशी करायची?" नवऱ्याने चष्मा वर करून विचारलं. "आणि 'बरी' म्हणजे प्रकृती बरी, की कामचलाऊ बरी?"

"तेच तर मला माहीत नाही," वन्सं म्हणाल्या.

कागद तिथेच टेबलावर टाकून दोघी निघाल्या. हॉलवर सगळ्यांनी त्यांना जागा करून दिली, जरा जास्तच. डॉक्टरीणबाईंनी वहिनींचं मनगट धरून पाहिलं आणि ठीक आहे अशी मान डोलावली. दोघींनी दहा मिनिटं कोर्टच्या कडेने फेऱ्या मारल्या, हात फिरवले, हळू हळू फूल टोलवलं. दहा मिनिटं झाली. वहिनी उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वतःला विचारलं. छातीत काही नाही. डोकं स्वच्छ. गुडघा आहे, पण तो असतोच. पाय? पाय हलके वाटत होते, पण ते खरंच हलके होते की इतक्या दिवसांनी आल्याचा आनंद होता?

"काय म्हणते?" वन्संनी विचारलं.

"कोण?"

"जिला विचारायला सांगितलंय ती."

"हो म्हणतेय. पण ती नेहमीच हो म्हणते."

"माझी नाही म्हणतेय," वन्सं म्हणाल्या, "पण मला वाटतं ती घाबरलीय."

खेळल्या. समोर डॉक्टरीणबाई आणि एक नवीन आलेल्या बाई होत्या, अकरा गुणांचा गेम. वहिनींचा हात बसलेला नव्हता, पण एकदा मागे पळत जाऊन डोक्यावरून मारलेलं फूल थेट रेषेवर पडलं आणि त्यांच्या अंगातून काहीतरी सरसरत गेलं, लहानपणी झोक्यावर जायचं तसं. सात-सहा झाले. वहिनींना दम लागला होता. फार नाही. त्यांनी मोठ्याने एक वाक्य म्हणून पाहिलं, "वन्सं, तुम्ही जाळीपाशी राहा, मागचं मी बघते." पूर्ण आलं. शेवटचा शब्द जरा तोकडा पडला. तो दमामुळे पडला की आपण तो ऐकत होतो म्हणून, हे त्यांना कळलं नाही.

त्या थांबल्या. "मी बसते," त्या म्हणाल्या.

"काय झालं?" तिघींनी एकदम विचारलं.

"काही नाही. खरंच काही नाही. मला माहीत नाही."

वन्संनी रॅकेट काखेत धरली. "दम की भीती?"

"तेच तर कळत नाहीये."

"बरं," वन्सं म्हणाल्या, "मग बसू." आणि त्याही येऊन बाकावर बसल्या. त्यांच्या जागी दुसरी जोडी उतरली. दोघी भिंतीला पाठ टेकून त्यांचा खेळ बघत होत्या. वहिनींनी मनगटावर बोटं ठेवली आणि काही ठोके मोजले, मग मोजणं मध्येच सोडून दिलं. समोरच्या जोडीतल्या एकाने सोपं फूल जाळीत घातलं. वहिनींचा हात आपोआप पुढे झाला.

"तुम्ही माझ्यासाठी बसलात?" त्यांनी विचारलं.

वन्संनी थोडा विचार केला. "अर्धी तुझ्यासाठी. अर्धा खुबा." मग म्हणाल्या, "किंवा सगळा खुबा. आता नाही सांगता येत."

दहा-बारा मिनिटं गेली. दम केव्हाच ओसरला होता. पाय थंड होत चालले होते, आणि त्यांना पुन्हा उठावंसं वाटत होतं. हे उठावंसं वाटणं कशाचं, हेही वहिनींनी एकदा तपासून पाहिलं आणि त्यांच्या हाती काही लागलं नाही. समोरचा गेम संपत आला होता. चष्म्याच्या दुकानाचे मालक कोर्टच्या कडेला उभे राहून पुढची पाळी कुणाची ते विचारत होते.

वहिनींनी हात वर केला. "आमची लावा. पण सात गुणांचाच खेळू."

"सातच का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," वहिनी म्हणाल्या, आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला खाली वाकल्या.